दोन तासिका रस्त्यावरच्या मैत्रिणीसाठी

नाताळ जवळ आला की कॉन्व्हेंट शाळेतून घरी चिठ्ठी येते. उद्या एक किलो तांदूळ, साबणाची वडी किंवा जुना स्वेटर पाठवा. मुंबई-पुणे असो की लखनऊची जानकीपुरमसारखी वसाहत, त्या सकाळी आईची धांदल सारखीच. आखूड झालेला स्वेटर कपाटातून निघतो, पिशवीत जातो आणि शाळेतल्या ढिगात पडतो. लखनऊच्या थंडीत तो कुणाला तरी उबही देत असेल. पण कुणाला? देणाऱ्या मुलाला ते बहुधा कधीच कळत नाही.

लखनऊमध्ये लोरेटो सिस्टर्सची शाळा १८७२ पासून आहे. याच सिस्टर्सच्या कोलकात्यातील सियालदह शाळेने मात्र वस्तू मागण्याऐवजी विद्यार्थिनींकडे त्यांचा वेळ मागितला.

सिस्टर सिरिल मूनी या मूळच्या आयर्लंडच्या. १९५६ मध्ये त्या भारतात आल्या आणि १९७९ मध्ये सियालदह शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. शाळेजवळच सियालदहचे प्रचंड रेल्वे स्टेशन. फलाटावर आणि फुटपाथवर वाढणाऱ्या मुली शाळेच्या फाटकापाशी दिसत. १९८५ च्या सुमारास त्यांच्यासाठी 'रेनबो' उपक्रम सुरू झाला.

या मुलींना सकाळी ठरलेल्या वेळी या, असे सांगून भागणार नव्हते. कुणी कचरा वेचायची, कुणी धाकट्या भावंडाला सांभाळायची. म्हणून ज्या वेळी जमेल त्या वेळी यावे, अशी मोकळीक दिली गेली. मग शिकवणार कोण? त्यासाठी वेळापत्रकातच सोय केली गेली. पाचवी ते दहावीच्या मुलींना आठवड्यातून दोन तासिका कार्यानुभवाच्या असत. एरवी या तासिका भरतकाम नाहीतर कागदी फुले यांत जातात! इथे त्या वेळात एकेक विद्यार्थिनी एकेका रेनबो मुलीला घेऊन बसे आणि अक्षरे, बेरजा शिकवी. वर्गांच्या तासिका वेगवेगळ्या वेळी असल्याने दिवसभर कुणी ना कुणी शिकवायला हजर असे. तयारी झालेली मुलगी मग तिच्या वयाच्या वर्गात किंवा दुसऱ्या शाळेत जाई. पुढे काही मुलींच्या रात्रीच्या निवाऱ्याचीही सोय शाळेतच झाली.

याशिवाय विद्यार्थिनी आठवड्यातून एकदा खेड्यांतील शाळांत शिकवायला जात. आपल्याच शेजारच्या घरांत धुणीभांडी करणाऱ्या लहान मुली शोधून त्यांच्याशी मैत्री करण्याचे कामही त्यांनी केले. हे काम मला सर्वांत अवघड वाटते. फुटपाथवरच्या मुलीची दया येणे सोपे असते. शेजारच्या काकूंकडच्या दहा वर्षांच्या मोलकरणीबद्दल विचारायला धाडस लागते. ती आपल्याच घरी असली तर?

आईवडिलांच्या मनात शंका येणारच. मुलीच्या अभ्यासाचे काय? भागाकार दुसऱ्याला समजावून सांगताना आपला स्वतःचा किती पक्का होतो, हे घरी धाकट्याला शिकवणारी कोणतीही ताई सांगेल. दुसरी शंका अधिक खरी आहे : गरीब मूल हे सुखवस्तू मुलाच्या संस्काराचे साधन तर होत नाही ना? सियालदहला तो धोका कमी होता, कारण शाळेतील सुमारे निम्म्या विद्यार्थिनी फी न भरताच शिकत. एका बाजूला दाते आणि दुसऱ्या बाजूला याचक, अशी सरळ रेघ तिथे ओढता येत नव्हती.

या कामासाठी १९९४ मध्ये शाळेला युनेस्कोचा नोमा साक्षरता पुरस्कार आणि २००७ मध्ये सिस्टर सिरिल यांना पद्मश्री मिळाली. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

विद्यार्थिनींनी असे पुढे होणे कोलकात्यातील लोरेटो शाळांना नवे नव्हते. मदर तेरेसा मुळात लोरेटोच्याच सिस्टर होत्या आणि एन्टाली येथील शाळेत शिकवत. त्या शाळेच्या भिंतीपलीकडेच मोतीझीलची झोपडपट्टी होती. त्या काळीही शाळेच्या मुलींचा एक गट वस्तीत आणि रुग्णालयात जात असे. १९४८ मध्ये मदर तेरेसा शाळा सोडून एकट्याच वस्तीत गेल्या. मार्च १९४९ मध्ये त्यांच्या दाराशी पहिली सोबतीण आली, ती त्यांचीच विद्यार्थिनी सुभाषिनी दास. तिने सिस्टर अ‍ॅग्नेस हे नाव घेतले. अ‍ॅग्नेस हे तिच्या बाईंचे जन्मनाव.