प्रकाश किती, यापेक्षा तो कसा पोहोचतो हे महत्त्वाचे : पडद्यावरील चेहऱ्यामागचे प्रकाशतंत्र

व्यक्तिचित्र असो वा चित्रपट, पडद्यावरील चेहरा खरा वाटतो की कृत्रिम, हे बहुतांशी त्यावरील सावल्या ठरवतात. या सावल्या दिव्याच्या केवळ तीव्रतेवर अवलंबून नसतात. प्रकाश कोणत्या दिशेने येतो आणि त्याचा उगम चेहऱ्याच्या तुलनेत किती मोठा आहे, यावर त्यांचे स्वरूप ठरते. भारतीय चित्रपटातील दोन प्रसिद्ध प्रयोगांतून हे तत्त्व स्पष्ट होते.

कठोर आणि मृदू प्रकाश

सूर्य अतिप्रचंड असला तरी पृथ्वीवरून तो लहानशा बिंबाएवढाच दिसतो. त्यामुळे भर दुपारच्या सावल्यांच्या कडा ठळक असतात. आभाळ भरून आले की प्रकाश संपूर्ण आकाशातून पसरून येतो आणि सावल्या जवळजवळ विरघळतात. दिव्यापुढे पातळ पांढरे कापड लावल्यास किंवा प्रकाश पांढऱ्या भिंतीवर टाकून परतवल्यास हाच परिणाम साधतो, कारण त्या वेळी ते कापड किंवा ती भिंतच प्रकाशाचा मोठा उगम बनते. तोच उगम दूर नेला की प्रकाश पुन्हा कठोर होऊ लागतो.

तीन दिव्यांची मांडणी

प्रचलित पद्धतीत चेहऱ्याला आकार देणारा मुख्य प्रकाश म्हणजे की लाइट, सावल्या सौम्य करणारा फिल लाइट आणि व्यक्तीला पार्श्वभूमीपासून वेगळे काढणारा बॅक लाइट असे तीन दिवे असतात. मुख्य दिवा बाजूला आणि थोडा उंचावर ठेवला, तर नाकाची सावली गालावरील सावलीला मिळते आणि अंधाऱ्या बाजूच्या डोळ्याखाली प्रकाशाचा छोटा त्रिकोण उरतो. सतराव्या शतकातील डच चित्रकार रेम्ब्रांट यांच्या नावाने ही रचना ओळखली जाते. दिवा अगदी समोर, पण उंचावर असल्यास नाकाखाली फुलपाखरासारखी सावली पडते. हॉलिवूडमध्ये १९३०च्या दशकात मार्लीन डीट्रिच यांच्या चेहऱ्यासाठी ही रचना विशेष गाजली.

बनारसचे आकाश कोलकात्यात

सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’मध्ये (१९५६) मात्र ही पद्धत अपुरी ठरणार होती. पावसाच्या भीतीमुळे कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी बनारसच्या घराचे अंगण उघड्यावर न उभारता कोलकात्यातील स्टुडिओत उभारले. तशा अंगणात उन्हाऐवजी वरच्या आकाशातून झिरपणारा, सावलीविरहित उजेड असतो. स्टुडिओच्या दिव्यांनी तो निर्माण करणे अशक्य आहे, असा युक्तिवाद छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी केला. पण तो मान्य झाला नाही.

थेट दिवे लावले असते, तर एकाच व्यक्तीच्या अनेक सावल्या पडून स्टुडिओ उघडा पडला असता. मित्र यांनी चौकटीत ताणलेले पांढरे कापड सेटवर आकाशासारखे बसवले आणि खालून दिवे त्यावर रोखले. कापडावरून परतलेला प्रकाश अंगणात सर्वत्र सारखा पसरला. परावर्तनात बराच प्रकाश वाया जात असला, तरी नैसर्गिक उजेडाचा आभास देणारे हे ‘बाउन्स लायटिंग’ पुढे मित्र यांच्या कामाची ओळख बनले.

आरशांनी आणलेले ऊन

गुरुदत्त यांच्या ‘कागज के फूल’मध्ये (१९५९) गरज नेमकी उलट होती. एका गीतदृश्यासाठी अंधाऱ्या स्टुडिओत उन्हाचा सरळ झोत हवा होता. दिव्याचे किरण अंतरागणिक फाकतात, तर फार दुरून येणारे सूर्यकिरण जवळजवळ समांतर असतात. छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी दोन मोठे आरसे वापरले. बाहेरच्या आरशाने ऊन आत वळवले, तर आतील उंचावरच्या आरशाने ते दृश्यावर सोडले. मूर्ती हे २००८च्या दादासाहेब फाळके पुरस्काराने सन्मानित झालेले पहिले छायाचित्रकार ठरले.

आज रंग आणि तीव्रता बदलू शकणारे एलईडी दिवे सहज मिळतात. तरीही चित्रीकरणस्थळी पांढऱ्या थर्माकोलचे फलक कायम आहेत. हे तत्त्व घरीही पडताळता येते. थेट ऊन नसलेल्या खिडकीला एक गाल करून बसावे आणि दुसऱ्या बाजूस पांढरा फलक धरावा. फलक जवळ आणला की सावली उजळते, दूर नेला की गडद होते. खिडकी येथे की लाइटचे, तर फलक फिल लाइटचे काम करतो.