चिंचणीच्या जमिनीत सापडलं हरवलेलं बंदर

डहाणू रोडहून गुजरातकडे जाणारी मेमू पकडली की घोलवड, उंबरगाव रोड आणि मग संजाण. तलासरीकरांना तर हे स्टेशन अगदी शेजारचं. वापीला नोकरी-कॉलेजसाठी जाणारे तुमच्यातले कितीतरी जण रोज ते बघतात. पण हजार वर्षांपूर्वी इथे मोठं बंदर होतं, हे खिडकीतून बघून खरं वाटेल?

इराणहून आलेले पारशी इथेच उतरले, एवढं आपण शाळेत ऐकलेलं असतं. अरब भूगोलकार ज्याला 'सिंदान' म्हणतात ते बंदर म्हणजे संजाणच, असं अभ्यासक मानतात. पुढे हे शहर संपलं. २००२ ते २००४ मध्ये इथे उत्खनन झालं, तेव्हा इराणी निळसर झिलईची भांडी, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, काचेच्या वस्तू आणि पारशांची एक जुनी दखमाही सापडली. म्हणजे गोष्ट खरी होती.

पण भांड्यांच्या तुकड्यांवरून माणसं कशी वागत होती ते कळत नाही. ते कळलं आपल्या डहाणू तालुक्यातल्या चिंचणीमुळे!

चिंचणीच्या जमिनीतून काही ताम्रपट निघाले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा. तेव्हा इथे राष्ट्रकूटांचं राज्य होतं आणि संजाण प्रांताचा कारभार त्यांनी सोपवला होता मधुमती सुगतिप नावाच्या अधिकाऱ्याकडे. ताम्रपट त्याला 'ताजिक' म्हणतो, म्हणजे अरब. मधुमती हे मुहम्मद या नावाचं संस्कृत रूप, असं अभ्यासक सांगतात. या माणसाने काय केलं? दोन प्रवाहांवर फुकट नावा सुरू केल्या. संजाणला अन्नछत्र काढलं, तिथे भात, कालवण आणि तूप फुकट मिळायचं. आणि राजाच्या संमतीने देवीच्या मठिकेला जमीन दान दिली. १०३४ च्या दुसऱ्या ताम्रपटात याच मठिकेला तेलाचा घाणा दिल्याची नोंद आहे.

जरा थांबून विचार करा. राजा राष्ट्रकूट, अधिकारी मुसलमान, दान देवीच्या मठिकेला आणि गावात पारशी वस्ती. आज सोशल मीडियावर इतिहासाच्या नावाने जी भांडणं चालतात, त्यांच्यासमोर हा तांब्याचा पत्रा ठेवून बघा.

मग शहर गेलं कुठे? पारशांच्या परंपरेनुसार सुलतानाच्या सैन्याने संजाण घेतलं. पवित्र अग्नी घेऊन लोक डोंगरात आले आणि बारा वर्षं राहिले. तो डोंगर आपलाच, आसवलीजवळची बारोटची गुंफा. ट्रेकला गेलात तर एवढं लक्षात असू द्या. ही गोष्ट १५९९ मध्ये लिहिलेल्या 'किस्सा-ए-संजाण'मध्ये येते. लढाई नेमकी कधी झाली यावर इतिहासकारांचं एकमत नाही. अग्नी मात्र पुढे बांसदा, नवसारी असा फिरत १७४२ मध्ये उदवाड्याला पोचला आणि आजही तिथे तेवतोय.

हे सगळं आत्ताच का सांगायचं? कारण आपला भाग पुन्हा खणला जातोय. बुलेट ट्रेनचा मार्ग डहाणू-तलासरीतून जातो. चिंचणीपासून जवळच वाढवणला ७६,२२० कोटींचं बंदर होणार आहे, ३० ऑगस्ट २०२४ ला त्याचं भूमिपूजनही झालं. ते हवं की नको, यावर किनाऱ्यावर वाद सुरूच आहे. पण तुमचं मत काहीही असो, पोकलेनच्या एका घासात ताम्रपट आहे की दगड, हे मशीनला कळत नाही. बघणाऱ्या माणसाला कळू शकतं.

म्हणून विहिरीच्या, पायाच्या किंवा रस्त्याच्या खोदकामात अक्षरं असलेला पत्रा, जुनी नाणी, रंगीत खापरं दिसली तर भंगारवाल्याकडे जाऊ देऊ नका. जागा न हलवता फोटो काढा आणि तहसील कार्यालयाला कळवा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचा जमिनीत सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावाच लागतो.

चिंचणीचे ते पत्रे कुणी वितळवून तांबं म्हणून विकले असते, तर फुकट नावा चालवणारा तो अधिकारी आपल्याला कधीच भेटला नसता.