उठताना मान मोकळी असू द्या

खुर्चीतून उठताना आपल्या शरीराचे काय होते, याकडे एकदा लक्ष द्यावे. बहुधा श्वास रोखला जातो, मान आखडून डोके मागे ओढले जाते आणि खांदे कानांकडे चढतात. वयोमानाने स्नायूंची शक्ती घटते हे खरे. पण उरलेल्या शक्तीतलीही बरीचशी अशा अनावश्यक ताणात खर्ची पडते.

ही सवय ओळखून ती सोडवण्याची एक पद्धत ‘अलेक्झांडर तंत्र’ या नावाने ओळखली जाते. टास्मानियात १८६९ मध्ये जन्मलेले एफ. एम. अलेक्झांडर हे नट होते. रंगमंचावर त्यांचा आवाज वारंवार बसू लागला, तेव्हा त्यांनी आरशासमोर उभे राहून स्वतःचे निरीक्षण केले. बोलू लागताच आपले डोके मागे ओढले जाते आणि घशावर दाब येतो, हे त्यांना दिसले. त्यातूनच हे तंत्र आकारास आले.

यात मालिश नसते, सांधे दाबणेही नसते. शिक्षक आपल्या मानेवर व पाठीवर हलका हात ठेवून आपल्याला उठण्या-बसण्यास सांगतो. ताण कोठे येतो, हे त्या स्पर्शामुळे आपल्याला जाणवू लागते.

२००८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने जुनाट कंबरदुखीच्या ५७९ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांना वर्षअखेरीस चार आठवड्यांत साधारण २१ दिवस वेदना होत. या तंत्राचे २४ धडे घेतलेल्यांना साधारण तीन दिवस. मात्र या अभ्यासात ६५ वर्षांवरील रुग्ण नव्हते, हे ध्यानात ठेवावे.

घरच्या काळजीवाहकांनी यातून एक गोष्ट अवश्य घ्यावी. आजी-आजोबांना दंडाला किंवा काखेत धरून वर खेचू नये. त्याने खांद्याला इजा होऊ शकते. शिवाय खेचले जाताच घाबरलेले शरीर अधिकच ताठरते. त्याऐवजी त्यांना खुर्चीच्या कडेकडे सरकू द्यावे, पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घेऊ द्यावीत आणि क्षणभर थांबावे. “मान सैल सोडा, श्वास चालू ठेवा,” एवढेच सांगावे. आपण शेजारी उभे राहून पाठीवर हलका हात ठेवावा. नाक पावलांच्या रेषेत येईपर्यंत त्यांना पुढे झुकू द्यावे आणि मग उठू द्यावे. आधारासाठी खुर्चीचे हात धरण्यास हरकत नाही.

चक्कर येणे, पायात नव्याने बधिरपणा वा अशक्तपणा येणे, पडल्यानंतरचे दुखणे किंवा अलीकडचा अस्थिभंग असल्यास आधी डॉक्टरांना दाखवावे. आधाराशिवाय तोल सांभाळता येत नसेल, तर उठवण्याची योग्य रीत फिजिओथेरपिस्टकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावी.

उठण्याची घाई बहुतेक वेळा आपल्यालाच असते. तो एक क्षण थांबण्याची मुभा वडीलधाऱ्यांना दिली, तर पडण्याचे भयही हळूहळू ओसरू लागते.