चार पेन्सिल सेल

शिंकान्सेन गाडीत कंटाळलेला एक नोकरदार उगाच कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसला होता. त्याला पाहून गुनपेई योकोई यांना खिशात मावणारा खेळ सुचला, अशी आठवण सांगितली जाते. क्योतोच्या निन्टेन्डो कंपनीत योकोई १९६५ साली लागले, ते पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल करायला. १९८० साली त्यांचा 'गेम अँड वॉच' बाजारात आला. कॅल्क्युलेटरांमुळे स्वस्त झालेला एलसीडी पडदा त्यांनी खेळाला जुंपला. मुरलेलं, स्वस्त तंत्र घ्यायचं आणि त्याला नवं काम द्यायचं, ही त्यांची कायमची रीत.

२१ एप्रिल १९८९ रोजी जपानात आलेला 'गेमबॉय' याच रीतीचा. १६० बाय १४४ ठिपक्यांचा हिरवट पडदा, चारच छटा आणि आत दिवा नाही. त्याच वर्षीचा अटारीचा 'लिंक्स' आणि पुढच्या वर्षीचा सेगाचा 'गेम गिअर' रंगीत होते, उजळ होते. पण सहा सेल काही तासांत संपवायचे. गेमबॉय चार सेलांवर दहा तासांहून जास्त चालायचा. अमेरिकेत त्याच्यासोबत 'टेट्रिस' मिळायचा, मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ साली रचलेला. रंगीत आवृत्ती धरून गेमबॉय ११ कोटी ८६ लाखांहून अधिक खपला.

आपल्याकडे फार थोड्या घरांत गेमबॉय आला. आपल्या वाट्याला आला तो 'ब्रिक गेम'. जत्रेत, खेळण्यांच्या दुकानात मिळणारा, वर '९९९९ इन १' लिहिलेला. खेळ मोजकेच; वेग आणि पातळ्या बदलून आकडा फुगवलेला. त्याच्या काचेवर दहा उभ्या रांगा आणि वीस आडव्या ओळींचे चौकोन आधीच आखलेले असायचे. गेम अँड वॉचमधल्या आकृत्याही अशाच ठरलेल्या जागी उमटायच्या. ब्रिक गेमलाही आत दिवा नव्हता. वीज गेली की आम्ही भावंडं खिडकीशी सरकायचो आणि उजेड पडद्यावर येईल असा तो तिरका धरायचो. तेवढ्या अंधूक चौकोनांत आमच्या सुट्ट्या सरल्या. कमी साधनांत पुरेपूर आनंद देता येतो, यावर योकोईंचा विश्वास होता. आमचं बालपण त्याची साक्ष आहे.

पण या यंत्रांची स्मृती नाजूक असते. गेमबॉयच्या अनेक कार्ट्रिजांमध्ये जतन केलेला खेळ एका बटणासारख्या सेलावर तगून असतो. १९९६ सालच्या 'पोकेमॉन'मध्येही तसंच. तो सेल संपला की कुणाच्या तरी लहानपणीची सगळी मेहनत पुसली जाते. बाहेरचे पेन्सिल सेल वर्षानुवर्षं तसेच राहिले, तर पाझरतात आणि स्प्रिंगा गंजवतात.

म्हणून एक विनंती. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या डब्यात असं एखादं यंत्र सापडलं, तर ते भंगारात देऊ नका. आधी मागचं झाकण उघडा आणि जुने सेल काढून टाका. जागा पुसून नवे घाला, आणि घरातल्या सगळ्यात लहान मुलाला खिडकीशी घेऊन बसा.