ठासणीची रायफल आणि रानटर्की

आज आपण अमेरिकेतली एक जुनी शिकार समजून घेऊ: रानटर्कीची, आणि तीसुद्धा ठासणीच्या रायफलने. ठासणीची बंदूक कोकणातल्या मंडळींना नवी नाही. शेतराखणीच्या परवान्यावर ती तिथे अजून पाहायला मिळते. पण ती बहुधा गुळगुळीत नळीची, छरे उडवणारी. रायफलच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात, आणि सगळा फरक तिथेच पडतो.

18व्या शतकात पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टरच्या परिसरात, जर्मन वळणाच्या कारागिरांनी लांब नळीची ही रायफल घडवली. मोजून दारू ओतायची, तोंडावर तेलकट फडक्याचा तुकडा ठेवायचा, त्यावर शिशाची गोळी, आणि गजाने तळापर्यंत ठासायची. फडकं खाचांत घट्ट बसतं, गोळी गिरकी घेत सुटते आणि सरळ जाते. शेवटी कानाजवळच्या वाटीत चिमूटभर रंजक. चाप ओढला की गारगोटी पोलादावर घासते, ठिणगी रंजकीत पडते, ती आग कानातून आत जाते, मग बार.

या ‘मग’मध्येच खरी गोम आहे. हा काळ निमिषाचा, पण टर्कीला तेवढा पुरतो. तिची वासाची जाण बेताची, नजर मात्र विलक्षण. रंजक भडकली आणि तिने मान वळवली की नेम गेलाच. म्हणून जाणकार सांगतात, चाप ओढल्यावरही नेम धरून ठेवा, बार होईपर्यंत हलू नका. रंजक पेटली आणि बार झालाच नाही, तर नळी सुरक्षित दिशेलाच धरून थांबायचं. आत आग धुमसत असली तर उशिरानेही उडते.

गोळी केवढी हवी? हरणासाठी 12–13 मिलिमीटरची वापरतात. तीच टर्कीच्या छातीत बसली तर खाण्याजोगं फार उरत नाही. म्हणून 8 मिलिमीटरच्या आसपासची बारीक रायफल आणि थोडी दारू. दुसरी गोळी भरेपर्यंत पक्षी रानापार झालेला असतो, तेव्हा एकाच बारात काय ते.

आता मुख्य मुद्दा. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत वसंतातल्या टर्कीच्या हंगामात रायफल चालतच नाही. छऱ्यांची बंदूक किंवा धनुष्यबाणच. ऐकणाऱ्याला वाटतं, एका गोळीच्या जुन्या हत्याराला कसली बंदी? कारण शिकारीच्या पद्धतीत आहे. वसंतात नर ओरडतो, आणि एरवी मादी त्याच्याकडे जाते. शिकारी हे उलटं करतो: झाडाला टेकून, नखशिखांत रानाच्या रंगाचे कपडे घालून, मादीचा आवाज काढत बसतो, म्हणजे नर त्याच्याकडे यावा. पण तोच आवाज दुसरा शिकारीही ऐकतो, आणि टर्की समजून दबकत येऊ लागतो. एक माणूस पक्ष्यासारखा बोलतोय, दुसरा त्याला पक्षी समजतोय, आणि दोघेही दिसू नयेत असेच सजलेले! नराच्या डोक्यावर लाल, पांढरा, निळा असे रंग असतात. म्हणून या रंगांचा रुमालसुद्धा अंगावर नको, असं शिकाऱ्यांना शिकवतात. छरे थोड्या अंतरावर जोर गमावतात. शिशाची गोळी मात्र हुकली तर शेकडो मीटर जाते, आणि पालवी फुटलेल्या रानात मागे कोण बसलंय ते दिसत नाही. आम्हाला ही बंदी रास्त वाटते. परंपरेचं प्रेम असणाऱ्यांना ठासणीचीच पण छऱ्यांची बंदूक बहुतेक ठिकाणी मोकळी आहे.

काही राज्यांत मात्र रायफल चालते. टेक्सासच्या बऱ्याच भागांत शरदातल्या हंगामात ती वापरता येते. तिथेही पक्ष्यामागे मातीचा उतार असल्याशिवाय चाप ओढू नये, आणि नुसता आवाज किंवा हालचाल पाहून तर कधीच नाही. पूर्ण पक्षी दिसला पाहिजे.

आणि दिवसभरात टर्की आलीच नाही तर? काडतूस काढून खिशात टाकायची सोय इथे नाही. आधी वाटीतली रंजक पुसून टाकायची. मग, तिथे परवानगी असेल तर, मऊ मातीच्या बांधात बार काढायचा. नाहीतर गजाला मळसूत्री टोक लावून गोळी उपसायची आणि दारू झटकून काढायची. हे अंधार पडायच्या आत, घराबाहेरच.