आरोग्य केंद्राची मंजुरी आणि डोंगरातला मुलूख

कोल्हापुराहून पश्चिमेस गगनबावड्याकडे जाणारा रस्ता कुंभीला पूर आला की मांडुकलीपाशी पाण्याखाली जातो, आणि करूळ व भुईबावडा या दोन घाटांच्या माथ्यावर वसलेला तो सारा मुलूख जिल्ह्याच्या ठिकाणापासून तुटून पडतो. 2021 च्या जुलैत पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळची 43 फुटांची धोका पातळी ओलांडून 56 फुटांपर्यंत मजल मारली, त्या वेळी तर खुद्द शहराच्याच वाटा बंद झाल्या होत्या. अशा दिवसांत जिच्या वेणा सुरू झाल्या आहेत अशा बाईला, किंवा बांधावर साप चावलेल्या शेतकऱ्याला, ज्याला सारा जिल्हा सीपीआर म्हणून ओळखतो ते छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय कितीही सुसज्ज असले तरी त्याचा काय उपयोग? म्हणूनच पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड अशा डोंगराळ तालुक्यांतील गावे आपल्या पंचक्रोशीत प्राथमिक आरोग्य केंद्र वा निदान उपकेंद्र व्हावे अशी मागणी करतात, तेव्हा ती हौसेची मागणी नसते. ही मागणी शासनदरबारी मान्य होते कशी, तिची वाट कोठे अडते आणि नागरिकांनी कोणती दक्षता घ्यावी, हे सर्वसामान्य वाचकाला ठाऊक असणे अगत्याचे आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्राची मूळ कल्पना सर जोसेफ भोर यांच्या समितीची. 1946 च्या आपल्या अहवालात तिने चाळीस हजार वस्तीमागे एक केंद्र सुचविले होते, आणि 1952 मध्ये सामूहिक विकास योजनेबरोबर अशी केंद्रे देशात उघडू लागली. महाराष्ट्रात 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या व ग्रामीण आरोग्याचा हा कारभार त्यांच्याकडे आला. आजचे सर्वमान्य प्रमाण असे की सपाट प्रदेशात पाच हजार लोकसंख्येस एक उपकेंद्र, तीस हजारांस एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि एक लाख वीस हजारांस एक ग्रामीण रुग्णालय असावे. डोंगराळ व आदिवासी भागासाठी हेच आकडे अनुक्रमे तीन हजार, वीस हजार आणि ऐंशी हजार असे उतरविलेले आहेत.

आता हे प्रमाण गगनबावड्यास लावून पाहावे. 2011 च्या जनगणनेत या संपूर्ण तालुक्याची लोकसंख्या सुमारे छत्तीस हजार भरली. म्हणजे सवलतीचा आकडा धरूनही तालुक्याच्या वाट्याला दोन प्राथमिक आरोग्य केंद्रे पुरती येत नाहीत, आणि ग्रामीण रुग्णालयाच्या निकषाच्या निम्म्यालाही तो पोहोचत नाही. माणसे थोडी आहेत हे खरे. पण ती ज्या वाड्यावस्त्यांतून राहतात त्यांच्यामध्ये ओढे, जंगल आणि चढणी आहेत, आणि पावसाळ्यातले अंतर मैलांत मोजता येत नाही. माझे स्पष्ट मत असे की आरोग्य केंद्राची आवश्यकता डोकी मोजून ठरविण्याची ही पद्धत डोंगरातल्या माणसावर अन्याय करणारी आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या धोरणात उपचार अर्ध्या तासाच्या आत मिळावेत, हे वेळेचे मापही आलेले आहे. परंतु गावाकडून जाणाऱ्या प्रस्तावात त्याचा उल्लेखच नसेल, तर कचेरीत बसलेला अधिकारी तरी तो कोठून आणणार?

प्रस्तावाचा आरंभ ग्रामसभेच्या ठरावाने होतो. ठरावाची सत्यप्रत, जागेचा सातबारा उतारा व नकाशा, परिसरातील गावांची जनगणनेप्रमाणे लोकसंख्या आणि जवळच्या आरोग्य केंद्रापासूनच्या अंतराचा दाखला एवढे कागद जोडून तो तालुका आरोग्य अधिकाऱ्यामार्फत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे जातो. तेथून जिल्हा परिषदेची शिफारस घेऊन कोल्हापुरातच असलेल्या आरोग्य सेवा उपसंचालकांकडे, आणि अखेर मंत्रालयात सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. तेथे राज्याचा बृहत आराखडा पाहिला जातो, आणि शासन निर्णय निघाला म्हणजे केंद्रास मंजुरी मिळाली असे म्हणतात. जागेचा प्रश्न येथे बहुधा सर्वांत चिवट ठरतो. गावाजवळ गायरान असले तरी ते ग्रामपंचायतीने परस्पर देऊन चालत नाही, त्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते; आणि जमीन कोणी बक्षीस दिली असेल तर फेरफार होऊन सातबारावर नोंद होईपर्यंत त्या दानशूरपणाला दप्तरी किंमत येत नाही.

पुष्कळ गावे शासन निर्णयाची बातमी येताच पेढे वाटतात, पण खरी कसोटी त्यानंतरची. इमारतीस प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग निधीची तरतूद, मग निविदा, असे टप्पे एकामागून एक यावे लागतात. आणि त्यांच्याहून स्वतंत्र अशी पदनिर्मितीची मंजुरी, जिच्यावाचून वैद्यकीय अधिकारी, आरोग्यसेविका, औषधनिर्माता यांपैकी कोणाचीही नेमणूक होऊ शकत नाही, ती वित्त विभागाच्या संमतीने वेगळी मिळवावी लागते. पदे मंजूर नसलेल्या इमारतीला दवाखाना म्हणता येत नाही. म्हणून गावाने पहिल्याच ठरावात इमारत आणि पदे या दोहोंची मागणी एकत्र नोंदवावी, असा माझा आग्रह आहे.

येथे एक विसंगती नमूद केल्यावाचून राहवत नाही. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि त्याच वर्षी मुंबईचा शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम झाला. खासगी रुग्णालयांची नोंदणी आजही त्याच कायद्याखाली, महापालिका हद्दीत महापालिकेकडे आणि ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, होते. त्या नोंदणीत जागा, परिचारिका, स्वच्छता यांची विचारपूस होते, परंतु या ठिकाणी आणखी एका रुग्णालयाची गरज आहे काय, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने 1964 मध्ये नवे रुग्णालय काढणाऱ्यास आधी गरज सिद्ध करण्याचे बंधन घातले, आणि पुढे अनेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. त्या पद्धतीचे गुणदोष काहीही असोत, आपल्याकडे मात्र गरज सिद्ध करण्याचे ओझे पैसे घेणाऱ्या शहरी रुग्णालयावर पडत नाही, ते पडते फुकट उपचार देणारे सरकारी केंद्र मागणाऱ्या वाडीवर.

प्रस्ताव अडकला तर नागरिक अगदीच निराधार नाहीत. बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा राज्याचा 2005 चा अधिनियम, ज्याला लोक दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात, सांगतो की सामान्यतः कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ पडून राहू नये. त्याच वर्षीच्या माहिती अधिकार कायद्याने आपली नस्ती कोणाच्या मेजावर आहे आणि तिच्यावर काय शेरा पडला, हे विचारता येते. त्यासाठी प्रस्ताव देताना आवक क्रमांक व तारखेसह पोच मात्र आवर्जून घ्यावी.

पुढच्या ग्रामसभेत आरोग्य केंद्राचा विषय येईल तेव्हा ठरावात लोकसंख्येचा आकडा लिहून थांबू नका. गेल्या पाच पावसाळ्यांत रस्ता किती दिवस बंद होता, रुग्णाला डोलीतून किती अंतर न्यावे लागले, जवळच्या केंद्रापर्यंत रात्री पोहोचायला किती वेळ लागतो, हे तलाठी आणि बांधकाम विभाग यांच्या दाखल्यांसह त्यात लिहा.