षष्ठ्यन्त नाम आणि त्याचे सर्वनाम : एका परीक्षाप्रश्नाची चिकित्सा

अमेरिकेतील पी.एस.ए.टी. या परीक्षेत ऑक्टोबर २००२ मध्ये वाक्यातील चूक ओळखण्याचा एक प्रश्न आला होता. वाक्याचा आशय असा : टोनी मॉरिसन यांची प्रतिभा त्यांना अशा कादंबऱ्या निर्माण करण्यास समर्थ करते, की ज्या आफ्रिकन अमेरिकनांनी सोसलेल्या अन्यायांतून उगवतात व ते अन्याय व्यक्त करतात. परीक्षकांच्या मते वाक्य निर्दोष होते. मेरीलँडमधील एका शिक्षकाने मात्र हरकत घेतली. ‘मॉरिसन्स’ हे षष्ठीचे रूप विशेषणाचे कार्य करते. सबब ‘हर’ या सर्वनामाने निर्देश करावा असे नामच वाक्यात नाही, असे त्याचे म्हणणे. संस्थेने प्रथम आपली बाजू लावून धरली. अखेर २००३ मध्ये प्रश्न वगळून गुण पुन्हा काढले. या गुणांवर राष्ट्रीय शिष्यवृत्तीची पात्रता अवलंबून असते, हे ध्यानात घेतले म्हणजे वाद केवळ शाब्दिक नव्हता हे कळून येईल.

आमच्या मते हरकत टिकणारी नाही. ‘मेरीज फादर अ‍ॅडोअर्स हर’ हे वाक्य कोणता इंग्रज अशुद्ध मानील? षष्ठ्यन्त नाम विशेषणस्थानी आले तरी त्यातील व्यक्तीचा निर्देश लोपत नाही. नियमाच्या मुळाशी खरी भीती आहे ती संदिग्धतेची. ‘मेरीज मदर सेड शी वॉज टायर्ड’ येथे दमलेली कोण, मेरी की तिची आई? मॉरिसनविषयक वाक्यात हा प्रश्नच उद्भवत नाही. ‘जीनियस’ला कोणी ‘हर’ म्हणणार नाही. संदिग्धता टाळण्याचा सल्ला निराळा, व्याकरणाचा नियम निराळा. (मराठीत अशा ठिकाणी ‘आपला’ पुष्कळदा साहाय्यास येतो. ‘रमाच्या आईने आपली वही शोधली’ म्हटले की वही आईची; ‘तिची’ म्हटले की रमाची अथवा तिसऱ्याच कोणाची.)

वादाच्या धुरळ्यात वाक्यातील अधिक मनोरंजक भाग दुर्लक्षित राहिला. ‘अराइज फ्रॉम अँड एक्स्प्रेस’ या समांतर रचनेत दोन क्रियापदांना मिळून एकच नाम पुरते. मात्र पहिल्याला ‘फ्रॉम’ हवे, दुसऱ्याला नको. ‘फ्रॉम’ गाळले तर रचना मोडते, कारण ‘अराइज’ हे अकर्मक क्रियापद ते नाम थेट घेऊ शकत नाही. मराठीत प्रत्यय नामालाच चिकटत असल्यामुळे ‘अन्यायांतून’ आणि ‘अन्याय’ अशी दोन रूपे वेगळी योजावी लागतात, किंवा वर केल्याप्रमाणे ‘ते अन्याय’ असा पुनरुच्चार करावा लागतो. म्हणून मराठीभाषक विद्यार्थ्याला तो ‘फ्रॉम’ लोंबकळत राहिल्यासारखा वाटून तेथेच चूक दिसण्याचा संभव अधिक. परीक्षकाला त्याची कसोटी घ्यावयाची असेल तर सर्वनामापेक्षा हे स्थळ कितीतरी योग्य होय. येथे चूक-बरोबर ठरविण्यास भाषेचा प्रत्यक्ष व्यवहार साक्षीला असतो.